चोरखिशाचा शर्ट

माझा नवरा कुठे गेला हे मला सोडून आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे.

गिरणीत दळण टाकून थांबलेल्या बायकांना माहीत आहे. दाढीसाठी नंबर लावून बसलेल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. एकदा शेवगावच्या बाजारात मी भांडी घेऊन बसले होते तेव्हा एका बाईने, मी कोण हे न ओळखता, मला माझ्याच नवऱ्याची गोष्ट ऐकवली. तिच्या गोष्टीत त्याला विजापूरकडच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या कुणी बाईने ठेवून घेतला होता आणि आता तो दोन पोरांचा बाप होता. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "बरं झालं त्याचं. आता डबा घेतीस का नको ते सांग."

तो गेला तेव्हा पोरगी तिसरीत होती. आज ती नगरला नर्सिंग शिकते. थंडीचे दिवस होते. सकाळी त्याने खाकी शर्ट घातला, भाकर खाल्ली, "पेंड घेऊन येतो" म्हणाला आणि शेवगावची गाडी धरली. त्या दिवशी आमचं भांडण झालं नव्हतं. हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता सांगताना माझं मलाच खोटं वाटतं. आदल्या दिवशी झालं होतं, त्याच्या आदल्या दिवशीही झालं होतं. कुणाच्या घरात होत नाही?

त्या शर्टाबद्दल इथेच सांगून ठेवते. आम्ही दोघं ऊस तोडायला जायचो. टोळीत चोऱ्या फार व्हायच्या, म्हणून त्याच्या जाड्या खाकी शर्टाला मी आतून चोरखिसा शिवला. धड कापड मिळेना, तेव्हा सासूच्या जुन्या लुगड्याचा पदर कापला. हिरवा, बारीक लाल चौकडीचा. तिला विचारलं नव्हतं. त्यावरून तिने मला पुढची पंचमी येईपर्यंत बोलून घेतलं. लुगडं तिच्या माहेरचं होतं.

तर तो गेला, आणि आठ दिवसांत गावात अंदाज सुरू झाले. माझ्या दिराचं म्हणणं, बाईचं प्रकरण आहे. सासूचं म्हणणं, करणी केली. कुणी केली हे ती बोलायची नाही, फक्त माझ्याकडे बघायची. चुलत सासऱ्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की पुणतांब्याच्या घाटावर गोदावरीच्या काठी साधूंच्या पंगतीत तो जेवताना कुणीतरी पाहिला, दाढी छातीपर्यंत आलीय. दीर गाडी करून पुणतांब्याला गेला. घाटावर दोन फेऱ्या मारल्या, पंगतीत जेवला आणि परत आला. "न्हाई दिसला," म्हणाला. आजूबाजूला विचारलं का, तर नाही. साधू मळ्याखळ्यात कशाला जातील, म्हणाला.

आणि सगळ्यांच्या गोष्टी सुरू कुठूनही झाल्या तरी शेवट एकाच ठिकाणी यायचा. बाईकडे गेला, का? तर घरात हिचं तोंड. साधू झाला, का? हिचं तोंड. माझ्या तोंडावर कुणी म्हणायचं नाही, कारण ते तोंड त्यांना माहीत होतं. पण मी गिरणीत शिरले की बायका गप्प व्हायच्या, आणि त्या गप्प बसण्यातसुद्धा माझंच तोंड असायचं.

एकदा पोलिसांचा निरोप आला. धरणाच्या फुगवट्यात एक माणूस सापडला होता, ओळख पटवायला या. दीर आणि मी गेलो. पाण्यात फार दिवस राहिलेला होता. मी शर्टाचा काठ उलटून पाहिला, बटणाची काजं पाहिली.

"बाई, चेहरा बघा ना," हवालदार म्हणाला.

"चेहरा राह्यलाय कुठं साहेब? हा माझा नवरा न्हाई. ह्याची काजं मशीनची हायेत. त्याच्या शर्टाची मी हातानं केलीत."

परत येताना दीर एसटीत खिडकीबाहेर बघत होता. शेवटी म्हणाला, "वयनी, तू न्हाई म्हनलीस म्हून न्हाई. असंल बी." म्हणजे गावाच्या गोष्टींत अजून एकीची भर पडली. आता तो साधूही होता, विजापूरलाही होता आणि बुडालेलाही होता.

मला मात्र खायचं होतं. ऊसतोडीला एकटी बाई चालत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, अर्धा कोयता मुकादम घेत नाही. तेव्हा नगरला पोरीच्या शाळेच्या कामाला गेले असताना एक बोहारीण भेटली, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. तिच्याबरोबर उन्हाळाभर पाट्या वाहिल्या आणि धंदा शिकले. मग स्वतःची पाटी केली. कोल्हार, राहाता, श्रीरामपूर, दारोदार. दिलं तर एक पातेलं, घेतलं तर एक गाठोडं. घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरत नाही. ज्या तोंडावरून गावाने मला बदनाम केलं त्याच तोंडावर मी घर बांधलं, पत्र्याचं नाही, स्लॅबचं. ते बघायला मात्र कुणी आलं नाही.

या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. जे कापड हवं आहे त्याच्याकडे बघायचं नाही. भारी साडी निघाली की ती बाजूला टाकायची, "ही विटलीय" म्हणायचं, आणि फडक्यांवर भाव करत बसायचं. मालकिणीला एकदा कळलं की आपला जीव कशावर आहे, की संपलं. आता ती सवय माझ्या हातांत गेली आहे. डोकं विचार करायच्या आधी हात फेकून मोकळे होतात.

यंदा पावसाळ्यात सासू आजारी पडली. खोकला, ताप, पायांना सूज. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. मग दिराने भटजीला विचारलं. भटजी म्हणाले, घरातला माणूस अधांतरी आहे, त्याला पाणी मिळत नाही, म्हणून त्रास. गेलेल्या माणसाचा बारा वर्षं पत्ता लागला नाही तर पळसाच्या काड्यापानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि पुढचं सगळं रीतसर करतात. बारा वर्षं व्हायला अजून अवकाश होता. पण घरात आजारपण आलं की बारा वर्षं लवकर भरतात. भावकी बसली, पितृपंधरवड्यातला दिवस ठरला. मला शेवटी सांगितलं.

"तुमी ठरवलं, भाऊजी?" मी दिराला म्हटलं. "त्यो मेला हे कुनी ठरवलं?"

"मंग जिता हाय हे तू दाखव की."

"कुंकू माझं पुसनार, अन् दाखवायचं बी मीच?"

"हे बघ, वयनी," तो म्हणाला, "आईच्या जिवावर बेतलंय. तुला कुंकवाचं पडलंय."

मला कुंकवाची हौस नव्हती. नऊ-दहा वर्षं मी ते कपाळावर वाहिलं ते त्याच्या प्रेमाने नाही. पण कुणाच्या अंदाजावर मी विधवा होणार नव्हते. माल न बघता मी फडकंसुद्धा घेत नाही.

दिवस जवळ येत होता. घरात माझं कुणाशी बोलणं नव्हतं, म्हणून मी पाटी उचलली आणि कोल्हारला गेले.

तिथल्या एका बंगल्यातली बाई माझी जुनी गिऱ्हाईक. बागायतदाराच्या घरची, पण चमच्यासाठीसुद्धा तासभर भांडेल अशी. मला आवडते ती. तिने ओसरीवर कपड्यांचा ढीग ओतला. मी पाय पसरून बसले आणि निवडायला लागले. पँटी, पोरांचे युनिफॉर्म, दोन साड्या. खाली एक खाकी बाही दिसली. ओढली. शर्ट होता. कोपरावर विरलेला, कॉलर उसवलेली. काजं हाताची.

आणि माझ्या हातांनी तो बाजूला भिरकावला.

"हा कशाला घातला ताई ह्याच्यात? पोतेऱ्याच्या लायकीचा हाय."

"राहू दे मग," ती म्हणाली. "मला पोतेरं पाहिजेच होतं." आणि तिने तो उचलून आपल्या मांडीखाली घेतला.

एवढ्या वर्षांत जे गावाला सापडलं नाही, पोलिसांना सापडलं नाही, ते माझ्या हाताला लागलं होतं, आणि मी त्याला नाव ठेवून परत दिलं होतं.

थोडा वेळ मी बाकीच्या कपड्यांत हात फिरवत राहिले. मग जमेल तितक्या सहज म्हटलं, "द्या तोबी. गाठोड्यात जाईल."

"आत्ता तर पोतेरं म्हणालीस."

"मंग पोतेऱ्याचं काय एवढं? ह्या डब्यावर एक वाटी देते."

"वाटी?" तिचे डोळे बारीक झाले. "पोतेऱ्यावर वाटी? तू?"

चूक कळली, पण तोंडातून शब्द गेला होता. ती शर्ट उलटासुलटा करून बघायला लागली. खिसे चाचपले. मी बघत होते. मी काही न विकता, काही न घेता नुसती बघत होते.

"काय आहे गं ह्याच्यात?" ती म्हणाली. "खरं सांग. कढई घेईन."

"घ्या."

"जाड बुडाची."

"घ्या म्हनलं ना! परात बी घ्या. फकस्त हा शर्ट कुनाचा ते सांगा."

मी ओरडले असेन, कारण आतून तिची सून बाहेर आली. त्या बाईने कढईला हात लावला नाही. आधी तिने सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि मग सांगितलं. त्यांची पुणतांब्याकडे पेरूची बाग आहे. तिथे एक राखण्या होता, बरीच वर्षं. शांत माणूस, दारू नाही, काही नाही. कसा राहायचा, काय खायचा, तेही तिने सांगितलं. मागच्या पोळ्याच्या सुमाराला पगार घेतला आणि सकाळी झोपडी रिकामी. शर्ट खुंटीला राहिला होता. बाग साफ केली तेव्हा तो इकडे आला.

"कुठं गेला?"

"सांगून थोडाच गेला?"

"घरचं काय सांगायचा का?"

"बायको वारली म्हणायचा. ती गेली, मग गावात मन लागेना. लई गुणाची होती म्हणायचा. कधी तोंडातून शब्द काढायची नाही."

मी पाणी प्यायले. ती बाई माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "तुझ्या ओळखीचा आहे का कोण?"

"व्हय. त्याच्या बायकोला वळखायची मी."

शर्ट तिने तसाच दिला. मी कढई ओसरीवर ठेवून आले. फुकट घेतलं म्हणायला कुणाला जागा नको.

एसटीत मी शर्टाची आतली बाजू पाहिली. चोरखिसा होता. हिरवा रंग गेला होता, लाल चौकडी तेवढी राहिली होती. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. डोकं तापलं होतं. दीर घाटावर फेऱ्या मारून पंगतीत जेवत होता तेव्हा हा माणूस तिथून थोड्या अंतरावर पेरूंवरचे पोपट हाकत असणार. आणि मला मारायचंच होतं तर आहे तशी मारायची. आधी गुणाची केली, मग मुकी केली आणि मग मारली. असली बाई त्याला कुठे भेटली होती?

भावकी आमच्या ओट्यावर बसली तेव्हा मी शर्ट मधे ठेवला आणि सगळं सांगितलं. बाग, झोपडी, पोळा, सगळं. तो जिवंत आहे, निदान मागच्या पोळ्यापर्यंत होता, जिवंत माणसाला जाळायचं नाही.

दिराने शर्ट दोन बोटांनी उचलला. "वयनी, तुझ्याकडं असले किती येत्यात महिन्याला?"

"म्हंजी?"

"म्हंजी तू जुनी कापडंच गोळा करतीस की. खाकी शर्ट हुडकून आनायला तुला काय लागतंय?"

दोघं-तिघं हसले. मी म्हटलं, माझ्या हातची काजं आहेत. चुलत सासरे म्हणाले, काजं सगळीच सारखी. मग मला ते बोलावं लागलं, जे मी बोलणार नव्हते. त्या बाईने बायकोबद्दल सांगितलेलं सगळं सांगितलं. बायको वारली म्हणायचा. गुणाची होती म्हणायचा. तोंडातून शब्द काढायची नाही म्हणायचा.

मग चुलत सासरे म्हणाले, "आगं, मंग त्यो दुसराच कुनीतरी असनार!"

आणि सगळा ओटा हसला. दीरसुद्धा. हसता हसता एक जण म्हणाला, "शब्द न काढनारी? वयनी, तूच सांग, जुळतंय का?"

मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. जेवढं बोलले तेवढं त्यांचंच खरं ठरत गेलं. शेवटी मी शर्ट उचलून खाटेवरच्या सासूजवळ नेला आणि आतला खिसा तिच्यापुढे उलटा धरला.

"आत्याबाई, हे तर वळखाल? तुमच्या माहेरच्या लुगड्याचं. आठवतंय का, किती बोलला हुतात मला?"

तिने खिशावर अंगठा फिरवला. एकदा, मग परत एकदा, चौकडीच्या रेघेवरून. मला वाटलं, सुटले.

"माझं न्हाई हे," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

झालं. विधी दोन दिवसांवर होता. पळस तोडून आणला होता, ओट्याच्या कडेला भारा पडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे रानात गेले होते. मी तिला पेज घेऊन गेले. माणूस उपाशी ठेवण्याइतकी मी वाईट नाही. तिने दोन घोट घेतले आणि वाटी बाजूला सारली.

"त्या बाईनं सांगितलं का," ती म्हणाली, "खायचा का नीट?"

म्हणजे हिने ओळखलं होतं. अंगठा फिरवला तेव्हाच ओळखलं होतं.

"काल का न्हाई म्हनलात?"

"एवढ्या मान्सांत काय सांगू? एका येष्टीच्या वाटंवर हुता, अन् आईला बघाया आला न्हाई, हे सांगू?" ती धापा टाकत होती. "मेलेला बरा की त्यापरीस. सांग की, खायचा का?"

त्या क्षणी मला तिची कीव यायला हवी होती. आली असेलही. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं जे त्या बाईला हवं होतं, आणि तिने ते लपवलंही नव्हतं.

"सांगते," मी म्हटलं. "सगळं सांगते. पर उद्याचा भटजी परत धाडायचा."

"ऐकायचा न्हाई त्यो."

"भाऊजी तुमच्या शब्दाभाईर न्हाईत."

"लई वंगाळ हायेस तू."

"हाय. बोला."

तिने दाराबाहेर बघितलं. कोंबड्या पळसाच्या भाऱ्यावर चढून पानं उकरत होत्या. मग म्हणाली, "धाडते. आता सांग."

मी खाटेच्या कडेवर बसले आणि सांगितलं. त्या बाईने सांगितलं होतं तेवढंच, वरून एक शब्द लावला नाही. सकाळी स्वतः भाकरी थापायचा. दुधात चुरून खायचा. तब्येतीने बरा होता. हिवाळ्यात हाच शर्ट घालायचा. सासू ऐकत होती, आणि मी थांबले की "अजून" म्हणत होती, पोरगी लहानपणी म्हणायची तसं. सांगण्यासारखं संपलं तेव्हा मी पहिल्यापासून परत सांगितलं.

संध्याकाळी तिने दिराला बोलावून सांगितलं, की पोरगं तिच्या स्वप्नात आलं. म्हणालं, आई, मला जाळू नको.

विधी थांबला. त्याच पावली दीर भटजींकडे जाऊन आला. चुलत सासऱ्यांनी कानाला हात लावले. कुणी विचारलं नाही की स्वप्नात कपडे कोणते होते, की असली स्वप्नं तुला महिन्याला किती पडतात. माझा शर्ट खोटा, तिचं स्वप्न खरं. हे मला आजही पचत नाही. मी ते बोलूनही दाखवते, आणि सासू ऐकू न आल्यासारखं करते. तिची पायांची सूज उतरली. गोळ्यांनीच उतरली, पण श्रेय स्वप्नाला गेलं.

त्याला शोधायला मी गेले नाही. पोरगी म्हणाली, जाऊ या. मी म्हटलं, त्याच्या लेखी मी मेलेली आहे, मेलेल्या बाईने दार वाजवलं तर घाबरेल तो. पुणतांब्याकडची भांड्यांची फेरी मात्र मी चालू ठेवली आहे. धंदा आहे, फिरावं लागतं.

गावात आता नवीन निघालं आहे. मी म्हणे म्हातारीवर काहीतरी केलं, म्हणून ती माझ्या बाजूने झाली. जमिनीसाठी केलं, असं एक म्हणणं. तो मला चोरून भेटतो, असं दुसरं. परवा गिरणीत शिरले तशा बायका गप्प झाल्या. मी दळणाचा डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "चालू द्या की. कुठवर आलाय त्यो?"

कुणी हसलं नाही. मी दळण होईपर्यंत तिथेच उभी राहिले, आणि त्याच्या त्या गुणाच्या बायकोचा विचार करत होते. तोंडातून शब्द न काढणारी ती बाई मेली ते बरंच झालं. आमच्या घरात ती असती, तर त्याला कधीच जाळून मोकळे झाले असते.